१६ इंची डॉब्सोनियन: जोडणी, दुरुस्ती आणि वाकडे तारे (प्रकल्प नोंदी)

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दुर्बीण आली. वापरलेली आहे, पण आरशाचा मुलामा चांगला दिसतोय. व्यास १६ इंच, म्हणजे ४०६ मिमी. नाभीय अंतर १८२९ मिमी, एफ/४.५, म्हणजे व्यासाच्या साडेचार पट. सुटी केली की चार डाग होतात: रॉकर बॉक्स (दुर्बीण जिच्यात झुलते ती तळाची पेटी), आरशाची पेटी, आठ नळ्यांची जुडी आणि वरचा पिंजरा. गच्चीवर नेताना सगळ्यात जास्त छळलं ते रॉकर बॉक्सने. जड म्हणून नाही, धरायला कुठे काही नाही म्हणून. पहिलं काम ठरलं: दोन मुठी बसवणे.

आरसा नुसता १२ किलोच्या घरात. बोरोसिलिकेट काच, काठाशी जाडी ४१ मिमी. मागे १८ टेकूंचा सेल, म्हणजे आरसा टेकतो ती चौकट.

मदतीला भाची होती. "मावशी, मोटर कुठे आहे?" मोटर नाही, हाताने ढकलायचं. तिचा चेहरा पडला. मग तिला जॉन डॉब्सन सांगितले. १९४४ ते १९६७ हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा, नळीला पुठ्ठा वापरायचा आणि फूटपाथवर दुर्बीण मांडून जाणाऱ्यायेणाऱ्याला चंद्र दाखवायचा. गरज ओळखून केलेली रचना आहे ही: लाकडाची पेटी, टेफ्लॉनचे तुकडे, गुरुत्वाकर्षण. भाचीला संन्यासी आवडला, दुर्बीण अजून नाही.

रात्री ढग. येणारच होते.

९ नोव्हेंबर, रविवार

कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणे. ते लेझरने करतात, म्हणून आधी लेझरचीच परीक्षा घेतली. दोन खिळ्यांच्या खाचेत ठेवून गोल फिरवला, तर समोरच्या भिंतीवर ठिपका बशीएवढं वर्तुळ काढत गेला. असल्या लेझरने दुय्यम आरसा (वरच्या पिंजऱ्यातला छोटा, तिरपा) लावला असता तर महिनाभर स्वतःशीच भांडत बसले असते. लेझरचे तीन बारीक स्क्रू फिरवून ठिपका जागच्या जागी फिरेपर्यंत तासभर गेला.

मग क्रमाने: दुय्यम आरसा फोकसरखाली (नेत्रिका बसते ती नळी) गोल दिसेपर्यंत सरकवला, लेझर मुख्य आरशाच्या मधल्या कड्यावर आणला, शेवटी मुख्य आरसा चेशायरने (आरसे जुळवायची साधी पाहणी-नळी). दुय्यमचा लघु अक्ष ७९ मिमी आहे. एफ/४.५ ला तो फोकसरपासून सुमारे ४.४ मिमी लांब आणि तेवढाच मुख्य आरशाकडे सरकलेला हवा. पहिल्या मालकाने तो तसाच चिकटवलेला आहे. माणूस जाणता होता.

एवढी काटेकोरी कशासाठी? एफ/४.५ ला कोमाचा (मध्यापासून दूरच्या ताऱ्यांना शेपूट फुटण्याचा) त्रास न जाणवणारं क्षेत्र नाभीच्या प्रतलात जेमतेम २ मिमी व्यासाचं असतं. एफ/८ ला ते ११ मिमीच्या पुढे जातं. तिथे आळस चालतो, इथे नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आरसा धुतला. आधी नुसतं वाहतं पाणी, मग भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी, त्यात भिजलेला कापूस स्वतःच्या वजनाने ओढत नेला. बोटांचा दाब नाही. प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि आरसा उभा करून वाळवला. परत बसवताना वरच्या तीन क्लिपा नीट आवळल्या. १२ किलोची काच तोंडावर पडायला नको.

(ही शेवटची दोन वाक्यं नंतर वाचून कपाळाला हात लावला. १६ तारखेची नोंद पाहा.)

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली मोकळी रात्र. कमी वर्धनाला तारे टाचणीच्या टोकासारखे. देवयानी दीर्घिकेतले धुळीचे दोन पट्टे न शोधता दिसले.

मग ७ मिमीची नेत्रिका लावली, म्हणजे २६१ पट. मध्यम तेजाचा तारा घेऊन फोकसच्या थोडं आत, थोडं बाहेर. गोल कडी दिसायला हवीत. मला दिसला त्रिकोण. गुळगुळीत कोपऱ्यांचा, पण त्रिकोणच. आरसा गरम असेल म्हणून अकरापर्यंत थांबले. त्रिकोण शांतपणे तसाच.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीन कोपरे, तीन क्लिपा. रात्री अंथरुणात लक्षात आलं. सकाळी पेटी उघडली: तिन्ही क्लिपा काचेवर घट्ट बसलेल्या. क्लिपा आरसा पडू नये म्हणून असतात, धरून ठेवायला नव्हे. सैल केल्या, आता प्रत्येकीखालून जाड कागदाची पट्टी सहज सरकते. ४१ मिमी जाडीची काच स्क्रूड्रायव्हरने वाकते हे हाताला पटत नाही. पण प्रकाशाच्या लहरीच्या मापाने बघितलं तर ती जेलीच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

त्रिकोण गेला आणि त्याच्यामागे लपलेला लंबगोल पुढे आला. फोकसच्या आत उभा, बाहेर आडवा, मध्ये बारीक अधिकचं चिन्ह. अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे उभा आणि आडवा प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी एकवटतोय. आगीतून फुफाट्यात.

शनी पाहिला. यंदा त्याची कडी जवळजवळ धारेवर आलेली आहेत, कल अर्ध्या अंशाहूनही कमी. चकतीतून आरपार गेलेली सुई. भाची म्हणाली, "याची कडी काढून टाकली का कुणी?" एवढ्या वर्धनाला ती सुई एका बाजूला किंचित फुगलेली वाटत होती, आणि ते शनीचं नव्हतं, माझ्या दुर्बिणीचं होतं.

डोकं डावीउजवीकडे तिरपं करून पाहिलं: लंबगोल फिरला नाही, म्हणजे माझा डोळा नाही. नेत्रिका फिरवली, बदलली: तसाच. राहिले मुख्य आरसा, त्याचा आधार, दुय्यम आरसा. आणि उष्णता.

२३ ते ३० नोव्हेंबर

उष्णतेचा संशय आधी संपवायचा ठरवला, कारण पंखा तसाही लावायचा होता.

आरशाच्या पाठीला छोटा तापमापक चिकटवला. संध्याकाळी बाहेर आणल्यावर काच २७ अंश, हवा १९. अडीच तासांनी हवा १७ आणि काच २१. म्हणजे आरसा हवेच्या मागे धावतोय आणि हवा पुढे पळतेय. या फरकाने काचेवर गरम हवेचा पातळ थर उकळत राहतो. फोकसबाहेरच्या ताऱ्यात तो चुलीवरच्या वाफेसारखा हलताना दिसतो.

१२ व्होल्टचा १२० मिमी पंखा आरशामागे, हवा पाठीवर मारणारा. पहिल्या दिवशी सरळ स्क्रूने बसवला. २६१ पटीला तारा थरथरणारी रेघ झाला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून पंखा त्यांवर टांगला. थरथर गायब. आता पाऊण-एक तासात फरक एका अंशावर येतो.

लंबगोल मात्र थंड आरशातही होता. संशयितांतून एक कमी झाला.

उघड्या नळ्यांभोवती घालायला कापडाचा झगाही शिवला, काळा, ताणणारा. पहिल्याच रात्री दव पडून ओला झाला आणि आत लोंबून प्रकाशाच्या वाटेत आला. मध्ये प्लास्टिकच्या नळीचं एक कडं घातलं. याबद्दल एवढंच.

६ डिसेंबर, शनिवार

टाळत होते ते काम केलं: आरसा सेलमध्ये ९० अंशांनी फिरवला. काठावर पेन्सिलीने खूण, मग पुन्हा पूर्ण कॉलिमेशन. काच घासतानाच वाकडी झाली असेल तर लंबगोलही ९० अंश फिरायला हवा.

नाही फिरला. अजूनही फोकसच्या आत उभा, बाहेर आडवा.

दुर्बीण घेतल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. आरसा चांगला आहे. वाकवणारं काहीतरी बाहेर आहे, आणि बाहेरचं दुरुस्त होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचं श्रेय भाचीचं. मी दुय्यम आरशाचा गोंद तपासायच्या बेतात होते. तो धारकाला एकाच मोठ्या पापुद्र्याने चिकटवला असेल तर ताण येतो. ती स्टुलावर चढून डोक्यावरचा तारा बघत होती. "मावशी, हा गोल आहे."

गोल होता. बऱ्यापैकी गोल. दुर्बीण खाली आणली, पूर्वेला क्षितिजापासून ३० अंशांवरचा तारा घेतला: ठळक लंबगोल. मध्यावरचा: मधला. पुन्हा वर: गोल. तीनदा केलं. महिनाभर मी सोयीच्या उंचीवरचे तारे बघत होते, स्टुलावर चढायचा कंटाळा म्हणून.

दुर्बीण वर पाहते तेव्हा आरसा १८ टेकूंवर आडवा निजलेला असतो. ती खाली झुकते तसा तो काठावर उभा राहू लागतो आणि वजन पाठीच्या टेकूंवरून खालच्या काठाच्या आधारावर येतं. म्हणजे दोष त्या आधाराचा. दुय्यम आरशाच्या गोंदाला हात लावायची गरज नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सेल बाहेर काढून उजेडात पाहिला. काठाला आधार एकच: बरोबर खाली, मध्यावर, नायलॉनची टोपी घातलेला बोल्ट. १२ किलो एका बिंदूवर. शिवाय तो काचेला लागतो मागच्या पृष्ठापासून ३० मिमीवर, म्हणजे बराच पुढे.

आरशाचं गुरुत्वमध्य काढलं. समोरची खोली: त्रिज्या २०३ मिमी, वक्रतात्रिज्या ३६५८ मिमी, म्हणून मध्यात सुमारे ५.६ मिमी. तेवढा वाडगा वजा केला की गुरुत्वमध्य मागच्या पृष्ठापासून सुमारे १९ मिमीवर येतं, जाडीच्या मध्यापेक्षा किंचित मागे. आधार याच प्रतलात हवा. पुढे असेल तर वजन आणि आधार यांची जोडी आरशाला पिळते, आणि पाठीचे टेकू त्या पिळाशी झगडतात.

२० डिसेंबर, शनिवार

नवा आधार. खालच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकेक, म्हणजे दोघांत ९० अंश. बोल्ट किंवा नायलॉनऐवजी छोटे बॉल बेअरिंग लावले, त्यांच्या बाहेरच्या कड्यावर काच टेकते. कारण असं की कॉलिमेशनचे स्क्रू फिरवताना आरसा पुढेमागे सरकतो आणि काठ घासला तर तो तिथेच अडकून नवा ताण धरतो. पण बेअरिंग कोणत्या दिशेला फिरायला हवं हे आधी डोक्यात नव्हतं. पहिल्यांदा मी ते आरशाच्या घेराच्या दिशेने फिरेल असं बसवलं, जे अगदीच निरुपयोगी. त्याची धरी काठाला स्पर्शरेषेत हवी, तेव्हा काच पुढेमागे जाताना ते फिरतं. अॅल्युमिनियमचे दोन कोन पुन्हा कापले.

स्पर्शाची उंची १९ मिमी आणण्यासाठी कोनातली भोकं उभट ठेवली. मोजपट्टी लावून, एका डोळ्याने बघत, दोन तास. वरच्या बाजूला दोन सैल थांबे, नेआण करताना आरसा उलटा येऊ नये म्हणून.

लोक पोलादी दोराचा झोकाही वापरतात, काठाखालून अर्धा वेढा. तो करायला सोपा आहे, पण दोर खाली घसरला तर पुन्हा उंचीचा घोळ. मला नटबोल्ट समजतात, दोर नाही.

२१ डिसेंबर, रविवार

३० अंश उंचीवर तारा गोल. आत गोल, बाहेर गोल. हवा बरी नव्हती, कडी थरथरत होती, पण गोल. फोकसमध्ये अधिकचं चिन्ह नाही.

मृगातल्या तेजोमेघाच्या चौकडीत पाचवा आणि सहावा तारा, ई आणि एफ, दोन्ही दिसले. चौकडी तर लहान दुर्बिणीतही दिसते. हे दोन तारे आरसा आणि हवा दोन्ही जागेवर असल्याशिवाय ताठ उभे राहत नाहीत.

२७ डिसेंबर, शनिवार

आता चाल. तारा विषुववृत्तावर मिनिटाला १५ कला सरकतो. ९ मिमी नेत्रिकेत, २०३ पटीला, ६८ अंशांचं दर्शनी क्षेत्र आकाशातलं सुमारे २० कला व्यापतं. म्हणजे ग्रह काठापासून काठापर्यंत ऐंशी सेकंदांत पार. दर अर्ध्या मिनिटाला हलका धक्का द्यायचा असतो. माझी दुर्बीण वरखाली करताना धक्का घेत नाही, उडी मारते. दाबावं, दाबावं, आणि मग ग्रह क्षेत्राबाहेर.

टेफ्लॉनची मेख अशी की सुटताना लागणारं बळ आणि चालताना लागणारं बळ यांत फारसा फरक नसतो. म्हणून ही रचना चालते. पण त्यासाठी पुरेसा दाब हवा. माझे चार पॅड प्रत्येकी ८ बाय ५ सेमी, म्हणजे ४० चौ. सेमी. हलणारा भाग ३८ किलो, पॅड उतरत्या जागी असल्याने प्रत्येकावर ११ किलोच्या आसपास. दाब चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या थोडा वर. एक किलोच्या आसपास हवा. पॅड कापून ३ बाय ३.५ सेमी केले. घर्षण कमी करण्यासाठी पॅड लहान करायचे, हे भाचीच्या शाळेतल्या पुस्तकाशी जुळत नाही. तिथे घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. टेफ्लॉन तो नियम तंतोतंत पाळत नाही, दाब वाढला की त्याचा घर्षणांक उतरतो.

उडी बंद.

४ जानेवारी २०२६, रविवार

शहाणपणा नडला. वरखालीची चाल लोण्यासारखी झाली म्हणून गाडीचं मेण तिथेही लावलं आणि आडव्या फिरण्याच्या लॅमिनेटवरही. आता वाऱ्याची झुळूक आली की दुर्बीण आपली आपण गुरूवरून निघून जाते. आडवं फिरताना थोडी पकड हवीच, आणि डोक्यावर बघताना ढकलायला हात मिळत नाही तो त्रास मेणाने जात नाही. नळी उभी असताना ती तिच्याच अक्षाभोवती फिरवायची असते आणि तरफ उरत नाही, हा भूमितीचा दोष आहे. अल्कोहोलने आडव्या चालीचं मेण पुसलं. वरच्या पिंजऱ्याला बाजूला हातभर लांब मूठ बसवली. ती खरी दुरुस्ती.

१० जानेवारी, शनिवार

गुरू आज सूर्याच्या बरोबर समोर, मिथुन राशीत, चकती ४६ विकलांहून थोडी मोठी. पंखा चालू, काच हवेपेक्षा अर्धा अंश गरम. मध्यरात्रीनंतर हवा दहा मिनिटं थांबली. पट्ट्यांच्या कडेला निळसर झालरी आणि गॅनिमीडची चकती, ठिपका नव्हे, चकती. भाची झोपली होती. उठवलं नाही, आणि सकाळी त्यावरून बोलणी खाल्ली.

१७ जानेवारी, शनिवार

कोमा करेक्टर आणि जड नेत्रिका मिळून वर एक किलो वाढलं. दुर्बीण नाक खाली करते. फोकसर अक्षापासून १५०० मिमीवर, पेटीचा तळ ३०० मिमीवर. म्हणजे वरच्या एका किलोला खाली पाच किलो. नाकापेक्षा मोती जड. पाच किलोचं लोखंड जिन्याने रोज कोण वाहणार? आधी वरचंच वजन उतरवलं: मोठा शोधक काढला, लाल वर्तुळांचा बिनभिंगाचा शोधक ठेवला. त्याची वर्तुळं अर्धा, दोन आणि चार अंशांची, तेवढ्यावर नकाशा वाचता येतो. उरलेल्यासाठी पेटीच्या मागे चुंबक लावलेली दोन वजनं. साध्या नेत्रिकेला काढायची, जडला लावायची.

७ फेब्रुवारी, शनिवार

३१ मिमी नेत्रिका, ५९ पट. तारे पुन्हा वाकडे! प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला दोन आखूड पंख. बेअरिंग घसरलं, क्लिप आवळली गेली, काय काय मनात आलं. ७ मिमी लावली: गोल. ३१ मिमी: पंख. डोकं तिरपं केलं, आणि पंख डोक्याबरोबर फिरले.

३१ भागिले ४.५ म्हणजे सुमारे ६.९ मिमी जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो, बाहुलीची पूर्ण रुंदी वापरत. २६१ पटीला तोच झोत दीड मिमीचा असतो आणि डोळ्याच्या मधल्या चांगल्या भागातूनच जातो. नोव्हेंबरमध्ये डोळा निर्दोष सोडला होता तो जास्त वर्धनाला तपासून. चष्मा काढून बघायची सवय आहे, तो घातला. पंख गेले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

व्याधाचा जोडीदार. श्वेत बटू, मुख्य ताऱ्याहून सुमारे दहा हजार पट मंद, सध्या त्याच्यापासून साधारण ११ विकलांवर. अंतर भरपूर आहे, अडचण झगमगाटाची. ३१ जानेवारी १८६२ ला अॅल्व्हन ग्रॅहम क्लार्कला तो प्रथम दिसला, तेही साडेअठरा इंची नव्या भिंगाची परीक्षा घेत असताना. दुर्बीण तपासणाऱ्यांनी हा तारा निवडावा हे बरोबरच आहे.

साडेआठला पाहिलं: दुय्यम आरशाच्या चार पट्ट्यांचे किरण, त्यातला एक नेमका जोडीदाराच्या दिशेला. ही दुर्बीण आकाशाबरोबर फिरत नाही, म्हणून किरण दुर्बिणीशी बांधलेले आणि आकाश त्यांच्याखालून वळणारं. काही करायचं नव्हतं, थांबायचं होतं. तोवर आरसा हवेच्या पातळीला आला. भाचीने नेत्रिकेचं दव पुसलं आणि दुय्यम आरशाला दव घालवणारी तापतार का नाही, असं विचारलं. नाही, कारण अजून केलेली नाही.

साडेनऊला किरण बाजूला सरकला. २६१ पट. दुर्बीण पुढे नेऊन ठेवली आणि व्याधाला क्षेत्रातून सरकत जाऊ दिलं. जोडीदार पूर्वेला आहे, म्हणजे मागून येतो. व्याध काठाआड गेला, झगमगाट विझला आणि पुढचा सेकंद संपायच्या आत एक राखाडी ठिपका त्याच्यामागे गेला. पहिल्या वेळी वाटलं भास. चौथ्या वेळी नाही.

स्टूल भाचीला दिलं. तिने सहा वेळा सरकवून पाहिलं आणि म्हणाली, "हो. पण मावशी, तू आता थोडी बाजूला हो, दुर्बीण हलतेय."